पेंढारकर पोचला

पेंढारकर न्युर्नबर्गला पोचला की मला फोन करतो. जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनहून न्युर्नबर्ग रेल्वेने वीस मिनिटांवर आहे. तिथून परत आला की पुन्हा करतो. प्रयोगशाळेत पोचला की करतो, दातांच्या डॉक्टरकडे पोचला की करतो. फोन उचलला की पलीकडून फक्त, "वहिनी, पोचलो." मी "बरं" म्हणते आणि ठेवून देते.

चूक माझीच. दोन वर्षं होत आली, आमच्या घरच्या गणपतीला तो पहिल्यांदा जेवायला आला. माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या, कुणा ओळखीच्याचा ओळखीचा. मूळचा मिरजेचा, इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करणारा. निघताना दारात मी म्हटलं, "पोचलास की फोन कर." आपण सगळेच म्हणतो. म्हणतो आणि दार लावून भांडी आवरायला घेतो. पेंढारकरने मात्र ते कोर्टाचा हुकूम असल्यासारखं मनावर घेतलं, आणि मुदत सांगायची माझ्याकडून राहून गेली.

त्याच्या वाक्यांत 'समजा' फार. समजा बस चुकली. समजा दूध नासलं. सॅकमध्ये दोन छत्र्या असतात; समजा एक मोडली तर?

अशा माणसाला गेल्या वर्षी मे महिन्यात खरोखरीचं संकट मिळालं. मी पोहे परतत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, मी कोल्हा होऊ का?"

मी गॅस बंद केला.

भानगड अशी, की त्याच्या प्रयोगशाळेतला माथियास एका फेरबिंडुंगमध्ये होता. फेरबिंडुंग म्हणजे विद्यार्थ्यांचं जुनं मंडळ. भला थोरला बंगला, त्यात राहणारी वीसेक मुलं, डोक्यावर रंगीत टोपी, छातीवर तिरका पट्टा, आणि एकदा आत घेतलं की मरेपर्यंत भाऊ. नवखा असेपर्यंत त्याला कोल्हा म्हणायचं. माथियासने पेंढारकरला बोलावलं होतं आणि उत्तराला एक महिना दिला होता. पेंढारकरला महिना देणं म्हणजे आम्हाला महिनाभर शिक्षा.

"समजा बिअर प्यावीच लागली?"

"मग विचार ना त्यांना."

त्याने विचारलं. मुलांनी बैठक घेतली, हात वर करून मतं दिली आणि सफरचंदाच्या रसावर कोल्हा होता येईल असा ठराव केला. मला ती मुलं तिथेच आवडली.

"आणि समजा तलवार?" अशा काही मंडळांत तलवारबाजी चालते, गालावर वार मिरवतात. माथियासच्या मंडळात ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं. "पण समजा मीच भरात येऊन हो म्हणालो? गालावर वार बसला तर पासपोर्टचा फोटो चालेल का?" वकिलातीला पत्र लिहायला बसला होता. मी कागद हिसकावून घेतला.

"समजा लग्न ठरायला आलं, तर मुलीकडच्यांना काय सांगायचं? मुलगा कोल्हा आहे?"

पण खरी धडकी भरली होती ती 'मरेपर्यंत' या शब्दाची. "अहो, आयुष्यभर, वहिनी! मोबाइलचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेताना मी तीन आठवडे नीट जेवलो नव्हतो."

"मग नाही म्हणून मोकळा हो."

त्यावर तो म्हणाला, "तिथे दाराशी एक फळी आहे. सगळ्यांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक सरकती खुंटी. घरात आलं की उजवीकडे सरकवायची, बाहेर जाताना डावीकडे. मागे एकाची खुंटी डावीकडेच राहिली, तर दोघं सायकली काढून शोधायला गेले."

"काय झालं होतं?"

"काही नाही. लायब्ररीत झोपला होता."

"मग?"

"मग काही नाही. शोधायला गेले, एवढंच."

यात सांगण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. मी त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली.

शेवटचा शुक्रवार उजाडला. आठपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तो सहाला तिथे पोचणार आणि मला फोन करणार, हे वेगळं सांगायला नको होतं. साडेसहा झाले, फोन नाही. "मजा आहे आज," सुहास म्हणाला. खरं सांगते, मलाही बरंच वाटलं. सातनंतर मात्र मला त्याचीच लागण झाली. समजा सायकलवरून पडला असेल? समजा हातात तलवार घेतली असेल? त्याचा मोबाइल बंद होता. साडेसातला मी थालीपीठ तव्यावरच सोडलं, सुहासला तिथे उभं केलं आणि सायकल काढली.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. बंगल्यासमोरच्या बसथांब्यावर पेंढारकर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर सॅक.

"वहिनी? तुम्ही?"

"फोन का नाही केलास?" मी ओरडलेच.

तो उभा राहिला. "मुद्दाम नाही केला. म्हटलं, समजा नाही केला, तर कुणाच्या लक्षात येतं का बघावं."

"आणि कुणीच आलं नसतं तर?"

"तर आठला आत जाऊन हो म्हणणार होतो."

मला त्याचा सणकून राग आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. इतके दिवस मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवत होते. त्याच्या खोलीच्या दाराशी तशी फळी नव्हती. त्याची फळी म्हणजे मी होते, आणि मला ते माहीत नव्हतं.

"थांबाल का दहा मिनिटं?" असं म्हणून तो रस्ता ओलांडून आत गेला. बाहेर आला तेव्हा बरोबर माथियास होता, आणि माथियासच्या हातात सफरचंदाच्या रसाचा अख्खा क्रेट. त्याच्यासाठी आणून ठेवला होता, आता तिथे कोण पिणार? माथियासने त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. मग आम्ही दोघं तो क्रेट सायकलवर बांधून चालत निघालो.

वळणावर आमचे रस्ते फुटतात. "वहिनी," तो म्हणाला, "पोचलात की फोन करा."

घरी आले. थालीपीठ करपलं होतं आणि सुहास त्याबद्दल काहीतरी सांगत होता. मी चपला न काढता फोन लावला.

"पोचले रे."

"बरं," तो म्हणाला. पण त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.