एका चुलीचं गाव

दामलेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावून चुली मोजायचे. एकदा पाहुणे आले म्हणून आईनं चुलीशेजारी शेगडी पेटवली, तर हे दारातूनच, "वहिनी, दोन चुली? भाऊ-भाऊ वेगळे निघालात की काय?" बाबांना तर भाऊच नाही!

मतलब, त्यांचं कामच तसं होतं. साताऱ्याहून जयपूरला आलेले आमचे हे शेजारी सरकारी कचेरीत जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास लिहीत. कुठे बाजरी, कुठे जव, कुठली विहीर कधी आटली, सगळं. लगान, म्हणजे शेतसारा, वाढेल या भीतीनं लोक बैलसुद्धा लपवायचे. "चूल लपत नाही गं, एक चूल म्हणजे एक घर," काका म्हणायचे.

चौमूंपलीकडच्या एका गावावर त्यांचा फार जीव. विहिरी खारट झाल्या, शेतं पडीक पडली, सगळे निघून गेले. उरली एकटी धापूबाई. कचेरीतल्या साहेबांचा नियम असा, की जिथे एक तरी चूल पेटते त्याच गावाला पुस्तकात पान. साहेब सोमवारी बघायला येणार, आणि शनिवारी निरोप आला की धापूबाई आजारी आहे, मुलीकडे जयपूरला जायचं म्हणतेय.

काकांना घास गिळवेना. "दोनच दिवस थांबली तर काय बिघडतं? अख्खं गाव पुसलं जाईल."

रविवारी मला सोबत घेऊन ते बसनं निघाले. म्हातारीला कसं थांबवायचं ते वाटभर पुटपुटत होते.

पोचलो तर धापूबाई चुलीपाशी जमिनीवरच पडलेली, उशाशी मुलीकडे जायला बांधलेलं गाठोडं. अंगात ताप. मडकं कोरडं, लोटा तेवढा अर्धा भरलेला. चूल मात्र पेटलेली, वर भांडं नाही.

काकांना बघून ती हसली. "बाबूजी, थे कही छी, चूल्हो बुझबा मत दीज्यो. कोनी दियो."

मागच्या खेपेला काका तिला गमतीत म्हणाले होते, चूल विझू देऊ नका. तिनं खरंच विझू दिली नव्हती; तापात उठून उठून लाकडं सारत होती.

काकांनी लोटा तिच्या ओठांना लावला. उरलेलं पाणी चुलीत ओतलं. मग धोतर खोचून खाली वाकले.

"तू गाठोडं घे," मला म्हणाले. "मांजींना मी उचलतो."