हिशोब भाऊजी पाहतात

आमच्या कारखान्यात काही दिवस चहा प्यायचा तर आधी सही करावी लागत असे. टपरीवाली शांताबाई पावती देत नाही, म्हणून दयाराम भाऊजींनी तिच्यासाठी एक वही केली. कोण प्यायलं, किती प्यायलं आणि कशासाठी, असे तीन रकाने. 'कशासाठी'मध्ये काय लिहायचं, असं मी विचारलं. भाऊजी चष्म्यावरून पाहत म्हणाले, "गिऱ्हाईक पेला तं धंद्याचा खर्च, आपण पेलो तं घरचा. फरक हाय ना?" महिनाभरानं शांताबाईनं वही परत आणून दिली. "मले हे लिवाची भानगड नोको," म्हणाली, आणि चहा पाठवणंच बंद केलं.

दयाराम भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि माझे भागीदार. अड्याळजवळ आमचा सिमेंटचे खांब ओतायचा लहानसा कारखाना आहे. रानडुकरं धानात शिरतात, शेतकरी कुंपण घालतात, कुंपणाला खांब लागतात. सहा मजूर, एक मिक्सर, एक शेड. कागदावर ही भागीदारी फर्म. भाऊजी मात्र 'कंपनी' म्हणतात, आणि म्हणताना शर्टाची वरची गुंडी लावतात. खांब मी पाहतो, हिशोब ते. ही वाटणी ठरली तेव्हा मला वाटलं होतं, आपण त्यांना सोपं काम दिलं.

हिशोब ते मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शिकले. दिवसा वहीत उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी मला शिकवायचे. सोमवारी डेबिट म्हणजे काय ते समजावलं. गुरुवारी नेमकं त्याच्या उलट सांगितलं.

"भाऊजी, मंग सोमवारचं?"

"सोमवारचं सोमवारी झालं. तू पुढं पाय."

बिलांची आणखी वेगळी तऱ्हा. माणसं बिलं तारखेनं लावतात. भाऊजी प्रत्येक बिलाच्या पाठीवर हकीकत लिहितात. एका सिमेंटच्या बिलामागे मी वाचलं: 'गाडी उशिरा आली. ड्रायव्हर साकोलीचा. उपास होता, केळी दिली. केळ्यांचे वीस रुपये वेगळे.' मी कपाळावर हात मारला. हे कोण वाचणार, म्हणून विचारलं. "उद्या कोणी विचारलं तं सांगता आलं पायजे," म्हणाले.

एकदा जीएसटीचं रिटर्न भरताना त्यांनी विक्रीच्या जागी खरेदीचा आकडा टाकला. नोटीस आली. माझी झोप उडाली. भाऊजींनी नोटीस दोनदा वाचली आणि म्हणाले, "भाषा कशी साफ हाय पाय." शेवटी दंड भरला. तेवढ्या पैशात भंडाऱ्याच्या अकाउंटंट मॅडम वर्षभर आमचं सगळं काम करून द्यायला तयार होत्या. हे मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी बेरीज तपासली, बरोबर आहे म्हणाले, आणि तो कागद फाईलला लावून टाकला.

ताईकडे गाऱ्हाणं नेलं तर ती म्हणाली, "मले काय सांगतं? मी सोळा वर्षं झाले भाजीचा हिशोब देऊन राहिली."

मग मिक्सर कायमचा बंद पडला. पावसाळ्यात हातानं कालवून खांब ओतायची पाळी आली, दोन मोठ्या ऑर्डरी तशाच पडल्या, मजूर दुसरीकडे जायची भाषा करू लागले. नवा मिक्सर घ्यायचा तर बँकेचं कर्ज हवं, आणि बँकेला हिशोब नीट नमुन्यात हवा होता. भाऊजी म्हणाले, "नमुना पाठवा म्हणा, मी भरतो." त्या दिवशी माझा तोल गेला. म्हटलं, "एक तं अकाउंटंट ठेवा, नाही तं माही भागीदारी काढून द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सिमेंटच्या दोन रिकाम्या पोत्यांत सगळ्या फाईली भरून भाऊजी भंडाऱ्याला जायला बस स्टँडवर उभे.

अकाउंटंट प्रज्ञा मॅडम वयानं लहान, पण धीराच्या. त्यांनी पंधरा दिवसांत सगळं लावलं. आम्हाला बोलावून म्हणाल्या, "कागद उलटेसुलटे आहेत काका, पण हरवलेला एकही नाही." बँकेसाठीचे कागद समोर ठेवले. सही करायची आणि बँक बंद व्हायच्या आत नेऊन द्यायचे, एवढंच राहिलं होतं. मी लगेच पेन काढलं. भाऊजींनी मात्र ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. फर्मच्या मालमत्तेच्या यादीवर बोट थांबलं.

"बोर राहिली," ते म्हणाले.

"काका, बोअरवेल शेडच्या खर्चात धरली आहे. एकूण रक्कम बरोबर आहे."

"रकमेचं नाही म्हणत मी. बोर कुठं लिवली हाय?"

"भाऊजी, बँक बंद होऊन राहिली," मी म्हटलं. "रक्कम जुळते ना? मंग करा सही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. बोलले ते माझ्याशी नाही, मॅडमशी.

"धरणात आमचं गाव गेलं, तवा मोबदल्यासाठी घराघरानं यादी द्याची होती. आपलं काय काय हाय ते. मी बारावी झालतो. म्हटलं, मी लिवतो. बाबा म्हणाले, तुले काय समजते, जाणत्याकडून लिवून घेऊ. पैसे देऊन एकाकडून लिवून घेतली. घर आलं, गुरांचा कोठा आला, आंब्याची झाडं आली. विहीर राहिली. दोन उन्हाळे खणली होती बाबानं."

"मग नंतर अर्ज नाही केला?" मॅडमनी विचारलं.

"केला ना. पाहाले माणूस आला तवर पाणी भरलं होतं. दाखवाले विहीरच नोती. बाबा मरेपर्यंत म्हणत, त्या कागदावर आपण कधी पाणीच पेलो नाही."

इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांचं गाव धरणात गेलं, पैसे मिळाले, नवं घर झालं, एवढंच मला माहीत होतं.

मॅडमनी शेडच्या खर्चातून बोअरवेल वेगळी काढली, तिची स्वतंत्र ओळ घातली आणि कागद पुन्हा छापला. भाऊजींनी ती ओळ सावकाश वाचली, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"पयले वाच," म्हणाले. "मंग सही कर."

मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. शेवटच्या पानावर आलो तोवर बँक बंद झाली होती. मॅडमनी पंखा वाढवला आणि आम्हा दोघांना पाणी दिलं.