ट्रक निघाला, घर राहिलं

आर्डेन किट्लसनने मिनेसोटात एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. बर्फ असो, धुकं असो, मागच्या बाकांवर पोरांची हाणामारी चाललेली असो, त्याची बस कधी रुतली नाही. हे तो विचारल्यावर सांगायचा आणि न विचारताही सांगायचा. त्यामुळे जानेवारीत, युटाच्या वाळवंटात शिरताना, पेट्रोलपंपावरच्या माणसाने पुढचा कच्चा रस्ता घेऊ नका, माती ओली आहे असं बजावलं, तेव्हा आर्डेनने ते गवयाने शेजाऱ्याची शिट्टी ऐकावी तसं ऐकून घेतलं.

ट्रक काही साधा नव्हता. त्याच्या हौद्यात अख्खं घर बसवलेलं होतं. बिछाना, शेगडी, हीटर, संडास, सगळं आत. घराचंच वजन दोन टन. चढावर ते दिवस भरलेल्या म्हशीसारखं झुलायचं.

हा खटाटोप व्हर्नासाठी होता. चार महिन्यांपूर्वी तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. खाटेवर पडल्यापडल्या तिने नवऱ्याकडे एकच मागितलं होतं, की हिवाळ्यात युटातले लाल कडे उन्हात पेटताना पाहायचे. मुलीने खूप समजावलं, आणि ऐकत नाहीत म्हटल्यावर बापाकडून वचन घेतलं, की आईला एक क्षणही एकटं सोडायचं नाही.

सकाळी सातला रस्ता गोठून सिमेंटसारखा कडक होता. आर्डेनने पंपावरच्या माणसाची दोनदा आठवण काढली, दोन्ही वेळा हसत. कड्यांसमोर गाडी लावून त्यांनी अंडी खाल्ली, कॉफी घेतली, व्हर्नाने ढीगभर फोटो काढले. तेवढ्यात ऊन वर आलं. बारा वाजता परत निघाले तेव्हा रस्त्याचं लोणी झालं होतं.

ट्रक घसरला तोही अगदी सभ्यपणे. हळूच तिरका वळला, उसासा टाकल्यासारखा थांबला, आणि मागची चाकं अर्धी चिकणमातीत गेली. आर्डेनने रेस दिली तशी ती आणखी गेली.

आता आर्डेनचं डोकं चालू लागलं, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली. वजन घराचं आहे, तर घरच उतरवू. घराच्या चार कोपऱ्यांना चार जॅक होते. त्यांचे पाय खाली सोडले की घर आपल्या पायांवर उभं राहणार आणि ट्रक खालून मोकळा सुटणार. चिखलात पाय घसरेल म्हणून त्याने व्हर्नाला आतच बसवलं, कपबशा सांभाळायला सांगितलं, जॅकच्या पायांखाली फळ्या घातल्या, घराचे बोल्ट सोडले आणि घर उचललं. मग केबिनमध्ये बसून गिअर टाकला.

ट्रक सुटला. असा सुटला, की जणू दावं तोडलेलं खोंड. आर्डेन आनंदाने ओरडलाच. पण थांबावं तर पुन्हा रुतणार, हे त्याला कळत होतं. समोरच्या वळणापर्यंत जाऊ, तिथे टणक असेल, असं म्हणत तो हाकत राहिला. वळणावर टणक नव्हतं. पुढच्याही नव्हतं. आरशात त्याला चार काटक्यांवर उभं असलेलं आपलं घर दिसलं, आणि दारात काहीतरी हलवणारी व्हर्ना. बायको शाबासकी देतेय असं वाटून त्याने हॉर्न वाजवला. व्हर्ना त्याचा कोट हलवत होती. कोटाच्या खिशात त्याचा फोन होता.

टणक खडी लागली ती दोन मैलांवर, डेल्फा जेसपच्या गुरांच्या फाटकाशी. डेल्फा सत्तरीची, एकटीने दीडशे गाई सांभाळणारी. घोड्यावर बसून ती मघापासून हा प्रकार पाहत होती.

"तुमच्या ट्रकवर काहीतरी होतं ना?" तिने विचारलं.

"घर होतं," आर्डेन म्हणाला. "बायको आत आहे."

डेल्फाला पहिल्यांदा हसू आलं. मग त्याचा चेहरा बघून तिने ते आवरलं. त्याने भराभरा सांगितलं, की दार जमिनीपासून छातीइतकं उंच आहे, तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, ती उतरू शकत नाही, आणि एखादा पाय मातीत खचला तर घर कलंडेल. डेल्फा म्हणाली, की पहाटे जमीन गोठेपर्यंत तिथे कुठलीच गाडी जाणार नाही. या चिखलात घोडा दोघांना घेणार नाही, तेव्हा ती पुढे जाऊन बघते, त्याने चालत यावं. जाताना तिने गुरांच्या खाद्याचं रिकामं पोतं त्याच्या अंगावर टाकलं.

दोन मैल चालायला त्याला दीड तास लागला. दर पावलाला बुटाला एक-एक शेर माती चिकटे. ती झटकली की पुढच्या पावलाला दुप्पट. पोतं पांघरून तो चालत होता आणि मनातल्या मनात मुलीला काय सांगायचं ते जुळवत होता. एकही वाक्य जमलं नाही. घर दिसलं तेव्हा ते डावीकडे जरा झुकलेलं होतं, आणि दाराशी घोडा उभा होता, पाठीवर कुणी नसलेला. आर्डेन पळायला लागला आणि लगेच तोंडावर पडला.

आतून हसण्याचा आवाज आला.

डेल्फा घोड्यावरून थेट दारातून आत गेली होती. दोघी डाळीचं सूप पीत बसल्या होत्या. घर कलल्यामुळे वाडग्यांतलं सूपही तिरकं दिसत होतं. दोघींनी मिळून त्याला पोत्यासकट वर ओढलं. त्याचे दात वाजत होते. तो नुसताच "मला वाटलं..." म्हणाला.

व्हर्नाने त्याच्याभोवती कोट गुंडाळला. "चार महिने जो तो माझं कोपर धरून चालतोय, आर्डेन," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा तासभर मला कुणी विचारलं नाही, दुखतंय का म्हणून. मी खिडकीत बसून कडे पाहिले. फार बरं वाटलं रे."

आर्डेनने तोंड उघडलं होतं ते, दुखतंय का, हेच विचारायला. तो सूप प्यायला.

डेल्फा ट्रकची किल्ली घेऊन घोड्यावरून घरी गेली आणि ठरल्याप्रमाणे पहाटे त्याचा ट्रक घेऊन आली. रस्ता खणखणीत होता. घराचे पायही मातीत तसेच खणखणीत गोठले होते. जॅक नुसते कण्हत होते. मग किटलीने उकळतं पाणी ओतायला सुरुवात झाली. तिसऱ्या पायाला टाकीतलं पाणी संपलं. चौथा पाय कॉफी आणि उरलेल्या सुपावर सुटला.

मग ट्रक उलटा घेऊन घराखाली घालायचा. व्हर्ना खिडकीतून "डावीकडे" म्हणे ते तिच्या डावीकडे, आर्डेन वळे तो आपल्या. सहाव्या खेपेला डेल्फाने दोघांना गप्प बसवलं आणि काठीने दाखवत ट्रक आत घेतला. बोल्ट आवळून होईपर्यंत दहा वाजले, ऊन वर आलं. व्हर्नाला दोघांनी धरून खाली उतरवलं, तिघं केबिनमध्ये बसली, आर्डेनने किल्ली फिरवली.

डेल्फा म्हणाली, जरा थांबा. ती उतरली, रस्त्यावर टाच दाबून पाहिली. बूट नाडीपर्यंत आत गेला. ती परत येऊन बसली आणि तिने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आर्डेनने इंजिन बंद केलं.

"उद्या पाचला उठू," तो शेवटी म्हणाला.

"चारला," दोघी एकदम म्हणाल्या.