दोन रुपये राहू द्या

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडंतिकडं आहे, तेवढं सांभाळून घ्यावं.

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात सुमनआक्काचं भाजीचं दुकान माझ्या भाजीच्या दुकानाशेजारी. आवडलेल्या गिऱ्हाइकाकडून आक्का पूर्ण पैसे कधी घेतच नसे. बावन्न झाले की पन्नासच घ्यायची. "दोन रुपये राहू द्या, पुढच्या बाजारी द्या." पुढच्या बाजारी ते दोन घ्यायची आणि नवे पाच बाकी ठेवायची.

"काहून असं करता वो आक्का?" मी एकदा विचारलं.

"अवं, हिशेब फिटला का मानूस सुटला. बाकी असली म्हंजे येतेच तो."

हा मान सगळ्यांना नव्हता. नवं माणूस आलं की आक्का आधी त्याचे हात बघायची. भेंडीची शेंडी मोडणाऱ्याला सरळ माझ्याकडे हाकलायची. "तिकडं जा भाऊ, तिची भेंडी मोडा." एकदा जीपमधून आलेल्या साहेबानं लग्नासाठी सगळी वांगी मागितली. आक्का म्हणाली, "नाही देत. आज न्यान, मंग कधी दिसान? माह्या नेहमीच्या गिऱ्हाइकायले काय देऊ?" वांगी माझी खपली. दिवसभर मी तिला हसले.

तिची सगळ्यात लाडकी म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाई. त्यांच्यासाठी कोवळी मेथी ओल्या पोत्याखाली लपवलेली असायची. बाई तिथंच टेकायच्या, आक्काच्या गुडघ्याचं विचारायच्या, चहा घ्यायच्या. नवरा गेल्यापासून आक्का घरी एकटीच. मूलबाळ नाही.

या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. शेवटच्या बाजारी त्या पर्स उघडूनच आल्या. "आक्का, आजचे घ्या, अन् मागचे सात पण."

"राहू द्या."

"अहो, मी आता इकडं येणार नाही ना."

"राहू द्या म्हनलं ना बाई! इकडून गेल्या कधी, तं द्यान."

"तुमच्या कष्टाचे पैसे कसे ठेवू मी?" बाईंनी सगळे पैसे तराजूच्या पारड्यात ठेवले, आक्काच्या पाया पडल्या आणि थांबलेल्या जीपमध्ये बसल्या.

पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. आक्का रस्त्याकडे बघत होती.

"आता गुडघ्याचं कोन इचारीन वं पोरी?"

इतकी वर्षं मी ते बाकी ठेवणं म्हणजे धंद्याचं डोकं समजत होते. मग मीच पारड्यातले पैसे उचलून तिच्या हातात दिले. तिनं मूठ मिटली. एक रुपयाही बाकी उरला नव्हता.