डोमाजींची लांब वायर

डोमाजींच्या सायकलीची पुढच्या ब्रेकची वायर इतकी लांब, की हँडलसमोर म्हशीच्या शिंगासारखा मोठा घेरा निघायचा. रिकामा घेरा, आत काही नाही. भाजीबाजारात एकदा त्यात बकरीचं मुंडकं अडकलं. बकरी पुढे, सायकल तिच्या मागे आणि डोमाजी सायकलीच्या मागे, "धरा गा, धरा" म्हणत. बाजार हसला, डोमाजीही हसले. लाज वाटली ती मला, कारण मी त्यांचा शेजारी.

हा माणूस कशालाच कात्री लावायचा नाही. नाडी गुडघ्यापर्यंत लोंबे. नवा पायजमा लांब झाला तर पायाशी चार घड्या. कपडे वाळवायची दोरी बांधली तर उरलेली अर्धी खांबाला गुंडाळलेली. विचारलं की एकच उत्तर, "राहू दे गा, लागते. कापलं का संपलं."

आता माझं सांगतो. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. पण अर्धी हयात हातमागावर काढलेली, त्यामुळे जगातलं कोणतंही काम आपल्याला येतं असा माझा पक्का समज. कोणाचं ऐकायची सवय नाही. बायकोचं तर नाहीच.

एका सकाळी डोमाजी बसनं कामठीला बहिणीकडे गेले. आमच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त, म्हणून सायकल आमच्या अंगणात ठेवून गेले. मी लगेच पक्कड काढली.

"अवो, दुसऱ्याच्या सायकलीले काहून हात लावून राहिले?" बायको म्हणाली.

"तू चूप बस वं. संध्याकाळी पाया पडन तो माह्या."

ब्रेकची वायर म्हणजे काय, वरून नळी आणि आत तार. दोन्ही सोडवल्या, फरशीवर शेजारी शेजारी ठेवल्या, घेरा जाईल एवढं माप धरलं आणि टोकाला टोक लावून दोन्ही सारख्या कापल्या. लुगड्याचा पदर सारखा करावा तशा. सफाई पाहून मीच माझ्यावर खूश. बसवायला गेलो तेव्हा समजलं, की खाली ब्रेकच्या नटात पकडायला तार नळीच्या बाहेर चार बोटं तरी यावी लागते. माझी तार आतच.

दुसरा कोणी घाबरला असता. पण मी कोष्टी. सूत तुटलं तर आम्ही रडत बसत नाही, सांधतो. कापलेल्या तारेचा तुकडा घेतला आणि आमची कोष्ट्याची गाठ मारली, जी मागावर माझ्या हातून कधी सुटली नव्हती. बोटांतून रक्त आलं, पण गाठ देखणी झाली. अंगणात ब्रेक दाबून पाहिला, लागला. "पाय, कसा लागते ते," मी बायकोला म्हणालो.

संध्याकाळी खात्री करायला नाल्याकडच्या उतारावर सायकल सोडली. समोरून डोमाजीच येत होते, बहिणीनं दिलेलं कोहळं खांद्यावर घेऊन. मी ऐटीत ब्रेक दाबला. सुताची गाठ ओढली की आवळते. तारेची ओढली की सरळ होते. मी, सायकल, डोमाजी आणि कोहळं, चौघेही गोवऱ्यांच्या ढिगात. मागे आणखी एक ब्रेक असतो हे मला ढिगात बसल्यावर आठवलं.

वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. डोमाजींनी आधी कोहळं पाहिलं, मग मला, मग सुटलेलं टोक हातात घेतलं.

"गाठ बरोबर मारली गा तुनं," ते म्हणाले. "पण सूत नोहे ना ते."

मग म्हणाले, "बाकीची कुठं आहे?"

मी खिशातून नळीचा उरलेला तुकडा काढून दिला. त्यांनी तो हँडलसमोर धरून पाहिला, हवेत घेरा करून.

"इथं लुगड्याची गठडी राहे," ते म्हणाले. "दर शनवारी गांधीबागेत विकाले नेत होतो. वायर गठडीच्या भवताल फिरून येत जाये. आता माग बंद आहे. पुढचं कॅरेज माळ्यावर ठेवलं, तेल लावून. म्हटलं, माग चालू झाला का लागन."

माझा माग मी कधीच मोडला होता. आमच्या न्हाणीचं दार त्याच लाकडाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सायकल ढकलत दुकानात नेली. दुकानदारानं वायर पाहिली.

"कोन्या गाढवानं कापली हे?"

"म्या."

तो जरा चपापला. "नवी किती लांब देऊ काका?"

"भेटते तितकी लांब दे," मी म्हणालो. "पुढं गठडी राहते."