गजभिये काका नोंद घेतात

"वहिनी, श्रीखंड जपून घ्या. मागच्या दिवाळीत मेनू ठरवताना तुम्ही श्रीखंडाच्या विरोधात हात वर केला होता. रेकॉर्डवर आहे."

हे कानावर पडलं तेव्हा मी मराठी मंडळाच्या पॉटलकच्या, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाच्या, रांगेत उभी होते. कोणाशी बोलावं लागू नये म्हणून लोणच्याच्या बरणीवरचं लेबल दुसऱ्यांदा वाचत होते. माझ्यापुढे कुलकर्णी काकू होत्या, डाव हवेतच थांबलेला. टेबलापलीकडे, स्वेटरची सगळी बटणं लावलेले गजभिये काका.

"अहो, तेव्हा माझं डाएट होतं!" काकू म्हणाल्या.

"कारण नाही विचारलं. भूमिका बदलली असेल तर तसं जाहीर सांगा आणि मग खुशाल घ्या."

काकूंनी जाहीर सांगितलं. मग सूड म्हणून दोन डाव जास्त घेतले.

गजभिये काका इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, माझ्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहतात. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. म्हणजे परीक्षा जवळ आली की ज्याचा तास गणिताचे सर मागून घेतात, तो विषय. त्या सगळ्या गेलेल्या तासांची भरपाई काका आता आमच्याकडून करून घेतात. इतरांच्या हॉलमध्ये जिथे टीव्ही असतो, तिथे त्यांच्याकडे संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली आहे. आणि सकाळी लोक जसं राशिभविष्य बघतात, तसे काका इथल्या राज्याच्या विधिमंडळाची वेबसाइट उघडून बसतात. काल आपल्या आमदाराने कशाला हो म्हटलं, कशाला नाही, आणि कोणत्या मतदानाच्या वेळी साहेब नेमके बाहेर होते, हे सगळं तिथे असतं.

"फुकट आहे, पोरी," ते मला सांगतात. "कोणीही बघू शकते. पण लोक काय बघून राहिले? एअर फ्रायरचे रिव्ह्यू."

मी आदल्या रात्री तेच बघत होते, त्यामुळे गप्प राहिले.

गप्प राहणं हा तसा माझा स्वभावच. शाळा पुण्यात, इंग्रजी माध्यमात झाली. मग आईबाबांबरोबर इकडे आले. पुण्यात माझं मराठी कच्चं होतं, इथे आल्यावर इंग्रजीचा उच्चार कच्चा निघाला. तेव्हापासून मी बोलण्यापेक्षा मान हलवणं पसंत करते. काकांना ते अजिबात मंजूर नाही. मी त्यांच्याकडे गेले की आधी प्रश्न येतो, "चहात आलं की वेलची?"

"काहीही चालेल, काका."

"तटस्थ," काका म्हणतात. "नोंद घेतली."

ते कुठे लिहून ठेवत नाहीत. पण विसरतही नाहीत. शेजारच्या तेलुगू कुटुंबाने कचऱ्याच्या डब्यांच्या बाबतीत केलेलं घूमजाव त्यांना तोंडपाठ आहे.

त्यांचा मुलगा सुहास आधी त्यांच्यासोबतच राहायचा. मग नोकरीसाठी बॉथेलला गेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. काका गेले नाहीत. "तिकडचा आमदार मला माहीत नाही," हे त्यांनी दिलेलं अधिकृत कारण. सुहास दर दिवाळीला येणार असतो आणि दर दिवाळीला कंपनीचं काहीतरी सॉफ्टवेअर रिलीज आडवं येतं. विधिमंडळाच्या साइटवर गैरहजर माणसांचे दोन प्रकार असतात, न सांगता गेलेले आणि रजा मंजूर असलेले. आमदारांची रजा काका कधीच खरी मानत नाहीत. सुहासबद्दल मी एकदा विचारलं तर चहा गाळता गाळता म्हणाले, "रजा मंजूर." आणि विषय बदलला.

आता आमदारांकडे वळू. काका त्यांना नावाने हाक मारत नाहीत, 'शालवाले' म्हणतात. कारण आमचं मंडळ दर दिवाळीला त्यांचा सत्कार करतं. शाल, नारळ, टाळ्या. ते छान हसतात, 'नमस्ते' म्हणतात, नारळ कसा धरायचा हे त्यांना अजून कळलेलं नाही. ते एवढ्या शालींचं काय करत असतील, हा मंडळातला आवडता अंदाज आहे.

मागच्या दिवाळीत शाल पांघरून ते म्हणाले होते की माझ्या मतदारसंघातला एकही ज्येष्ठ माणूस केवळ गाडी नाही म्हणून घरात बसून राहणार नाही. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या. कारण इथे गाडी चालवता येत नसेल तर दूध आणायलाही कोणाचं तरी तोंड बघावं लागतं. आमच्या भागात ज्येष्ठांसाठी एक पांढरी व्हॅन फिरते. लायब्ररी, दवाखाना, देशी किराणा असा तिचा फेरा असतो. तिला राज्याकडून पैसे मिळतात, आणि ते पुढे चालू ठेवायचे की नाही यावर वसंतात मतदान झालं. शालवाल्यांनी 'नाही' म्हटलं. व्हॅन डिसेंबरअखेर बंद होणार.

"मत दिलं ते दिलं," काका म्हणाले. "त्यांचं काही कारण असेल. असू शकते. पण तोंडाने एक आणि बटणाने एक? एवढंच विचारायचं आहे मला. त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे, हो की नाही."

मला वाटलं, हाही श्रीखंडासारखाच प्रकार. काकांना कोणीतरी पकडायला हवंच असतं.

मग ऑक्टोबरमध्ये एका मंगळवारी मी लायब्ररीत काम करत बसले होते. खिडकीतून ती पांढरी व्हॅन आलेली दिसली. काका आधी उतरले. त्यांनी एका पंजाबी आजींना हात दिला, एका गोऱ्या आजोबांचा वॉकर उघडून दिला, एका चिनी बाईंची पिशवी धरली. प्रत्येकाला नावाने निरोप दिला. आणि परत आत जाऊन बसले. दाराजवळच्या सीटवर, ड्रायव्हरच्या मागे.

मी बाहेर गेले. "काका, तुम्ही नाही उतरत?"

"मला कुठे काय काम आहे?"

ड्रायव्हर डेनीस हसली. "हे कधीच उतरत नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली. "सकाळी चढतात, सगळ्या फेऱ्या करतात, संध्याकाळी मी घरी सोडते. मला आता आमच्यापेक्षा तुमच्या राज्यघटनेबद्दलच जास्त—" मग तिला वाक्य काही पुरं करता आलं नाही, कारण काका तिला दुरुस्त करू लागले.

दार बंद झालं. काचेआडून काकांनी मला हात केला, आणि व्हॅन दवाखान्याकडे वळली.

दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये होता. सेक्रेटरी अमोलदादाने मला तबक दिलं. शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर उभं राहायचं. "तू बेस्ट आहेस याला," तो म्हणाला, "तू काही बोलत नाहीस." मग तो काकांकडे वळला. "काका, यार, प्लीज. आज प्रश्न नको. गेस्ट आहेत आपले."

"गेस्ट? अरे बाप्पा, ते नोकर आहेत आपले. असं मी नाही, तेच म्हणतात, निवडणुकीच्या आधी."

अमोलदादाने मराठीत मानपत्र वाचलं. त्यात शालवाल्यांना 'ज्येष्ठांचा आधारवड' म्हटलं होतं. मानपत्र मागच्या वर्षीचंच होतं, फक्त वर्ष बदललेलं. शालवाले अजिबात न कळता प्रसन्न हसत होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत काका उभे राहिले.

"सर," ते सावकाश इंग्रजीत म्हणाले, "ज्येष्ठांच्या व्हॅनवर तुम्ही मत काय दिलं?"

"अतिशय चांगला प्रश्न," शालवाले म्हणाले, आणि मग आमच्या समाजाच्या मेहनतीवर, कुटुंबव्यवस्थेवर आणि सामोशांवर बोलले.

"हो की नाही, सर?"

त्यांच्याबरोबर निळ्या सुटातला एक मदतनीस आला होता. तो अगदी नम्रपणे पुढे झाला. "सर, तुम्ही या मतदारसंघातले नोंदणीकृत मतदार आहात का?"

काका ग्रीन कार्डवर आहेत. मत देता येत नाही, हे त्यांच्याइतकं नीट त्या हॉलमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. नियम त्यांना पाठ होता.

"नाही," ते म्हणाले.

आणि बसले. काका प्रश्न अर्धवट सोडून बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. स्वेटरचं एक बटण काढून त्यांनी परत लावलं. कोणीतरी घाईने टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी त्या उचलल्या. अमोलदादाने मला डोळ्यांनी खुणावलं. चल, शाल.

मी पुढे गेले. शालवाल्यांनी सवयीने मान खाली केली. ती मान तशीच वाकलेली राहिली, कारण मी तबक पुढे केलंच नाही. माइक माझ्या हनुवटीपाशी होता.

"मी मतदार आहे," मी म्हणाले. इंग्रजीत, माझ्या कच्च्या उच्चारात. "याच मतदारसंघातली. माझा प्रश्न तोच आहे, सर. हो की नाही?"

शालवाल्यांची मान वर आली. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि माइकमध्येच, मराठीत म्हणाले, "काका, नोंद घ्या."