आत्तीचं जेवण आणि हवाई अंतर

आमच्या घरात प्रवासाचं गणित माझ्याकडं. किती वाजता निघायचं, चहा कुठं, डिझेल कुठं, सगळं मी ठरवतो. आजवर कधी चुकलो नाही. म्हणजे चुकलो असेन, पण कबूल केलेलं नाही!

परवा राजमती आत्तीला कराडहून सांगलीला, विश्रामबागेत तिच्या धाकट्या भावाकडं, रामगोंडाकाकांकडं न्यायचं होतं. आत्ती ऐंशीची, जैन व्रतं कडक पाळणारी. दिवसातून एकदाच जेवते, तेही दिवस मावळायच्या आत. मावळला की पाण्याचा घोटसुद्धा सकाळी. त्या दिवशीचं जेवण भावाच्या घरी, असं तिनं ठरवलेलं.

"भरतेश, दिस हाय तवर पोचवशील न्हवं?"

"आत्ती, साठ किलोमीटर तर आहे. झोपेतसुद्धा नेईन."

"झोपू नगं बाबा."

साठचा आकडा मोबाईलवर सापडला होता. कराड विमानतळ ते कवलापूर विमानतळ, अंतर एवढं, उड्डाणाला मिनिटं एवढी. मोबाईलवरच्या त्याच पानाचं चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'आत्तीला घेऊन निघालो.' आणि चांगला दुसरा चहा पिऊन दुपारी उशिरा निघालो.

ते साठ किलोमीटर आभाळातून सरळ उडणाऱ्या कावळ्याचे होते, हे रस्त्यात कळलं. आम्हाला वळणं होती, रेल्वेचं फाटक होतं आणि पुढं उसाच्या ट्रॉल्या, वरातीसारख्या डुलत चाललेल्या. आरशात सूर्य खाली खाली जायला लागला.

"ऱ्हाऊ दे रं. उद्या जेवीन," आत्ती हळूच म्हणाली. ओठ पार सुकले होते. मला स्वतःची लाज वाटली.

तासगाव मागं पडल्यावर बायकोला, ब्राह्मीला, फोन केला; ती आदल्या दिवशीच काकांकडं गेली होती. "ताट वाढून ठेव. पण वेळेत पोचत नाही बहुतेक."

"घरी कोण आहे वाढायला? आम्ही सगळे कवलापूरच्या विमानतळावर उभे आहोत."

"तिथं काय करताय?"

"तुमचं विमान बघतोय. काकांनी ग्रुपवरचं चित्र बघितलं. म्हणाले, पोरगं अक्काला विमानानं आणतंय. उतरून घरी येईतो दिवस मावळंल, जेवण तिकडंच न्या."

कवलापूर दोन वळणांवर होतं. मी गाडी थेट त्या ओसाड धावपट्टीकडं घातली. काका हार घेऊन आभाळाकडं बघत होते.

"इमान कुठाय रं?"

"काका, आधी ताट!"

सतरंजीवर आत्ती बसली. भाकरी, मुगाची आमटी, गाळलेलं पाणी. सूर्य टेकायच्या आत शेवटचा घोट घेऊन तिनं हात जोडले. "लय बरं केलंसा. घरात वाट बघत बसला असता तर उपाशी निजले असते."

मी काकांच्या पायाच पडलो. त्यांना वाटलं, विमान न आणल्याची माफी मागतोय. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे. पुढच्या खेपेला आण."

ब्राह्मीनं माझंही ताट वाढलं. काकांकडं जेवायचं म्हणून सकाळपासून पोटात दोन चहा सोडून काही घातलं नव्हतं. भाकरी मोडली, तेवढ्यात आत्तीनं पश्चिमेकडं बघितलं.

"भरतेश, दिस बुडाला रं."

तिच्यासमोर खायची माझी काय टाप! मी ताट खाली ठेवलं. धावपट्टीवर चरणाऱ्या शेळीला मात्र तसलं काही व्रत नव्हतं.